हॉर्न बारीक वाजतोय

दादा, मागच्या रविवारी सकाळी मी गाडीची पुढची जाळी काढून तिच्यासमोर उकिडवी बसले होते आणि मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, बिघाड हॉर्नमध्येच निघू दे. आपल्या घरात नवस-सायास कधी नव्हते, गंडा-दोरा तर तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाहीत, त्यामुळे मागणं कुणाकडे मागायचं हेही मला धड ठाऊक नव्हतं. तुमच्याकडेच मागितलं म्हणा. गाडी ठणठणीत राहावी म्हणून लोक काय काय करतात, आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई माझ्याच गाडीचं वाईट चिंतत होते. कारण हॉर्न चांगला असेल तर खराब झालेत ते माझे कान. आणि कान खराब झाले असतील तर दुसऱ्यांची लेकरं त्या गाडीत बसवायचा मला काही अधिकार नाही. सगळं मिळून एवढंच आहे.

तुम्हाला हे नवीन असेल. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक पाळण्यात होती, मी स्कूटीसुद्धा जीव मुठीत धरून चालवायचे आणि आपल्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता लेक फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय आणि मी शाळेची व्हॅन चालवते. जावई तुमचे अजून वाळूजला कंपनीत जातात, त्यांची शिफ्ट बदलती, म्हणून घरात बसून राहण्यापेक्षा मी लायसन काढलं आणि गारखेड्यातली लेकरं शाळेत न्यायला-आणायला लागले. लेकरं मला मावशी म्हणतात. पहिलीतली एक पोरगी रोज हट्टानं माझ्या सीटच्या मागे बसते आणि शाळा येईपर्यंत माझ्या वेणीशी खेळते. तिची आई तिला गाडीत चढवताना रोज तेच वाक्य म्हणते, 'नीट न्या हं मावशी,' आणि मी रोज म्हणते, काळजी करू नका. आजवर हे मी किती सहज म्हणत आले.

रविवारच्या आधीच्या बुधवारी दुपारची गोष्ट. बीड बायपासवरून लेकरांना घेऊन परत येत होते. काचा बंद, आत नेहमीचा बाजार, कुणी पाढे म्हणतंय, कुणी डब्यात उरलेला शिरा वाटून खातंय. मला उजवीकडे वळायचं होतं. इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, रस्ता मोकळा वाटला आणि स्टिअरिंग वळवायला घेतलं. तेवढ्यात त्या पोरीनं मागून माझी वेणी ओढली. 'मावशी, ट्रक! केव्हाचा पों पों करायलाय!' मी ब्रेक दाबला आणि उजव्या अंगानं ट्रक असा गेला की त्याच्या वाऱ्यानं आपली गाडी हलली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून मला काहीतरी सुनावलं. त्याचे शब्द ऐकू आले नाहीत त्याचं काही नाही. पण हॉर्न ऐकू आला नाही, दादा. ट्रकचा हॉर्न, अगदी अंगाशी आलेल्या ट्रकचा. लेकरं हसत होती, त्यांना गंमत वाटली. मी मात्र गाडी कडेला घेतली आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं तशीच बसून राहिले.

त्या दिवसापासून मी ऐकायला लागले, म्हणजे ऐकू येतंय का ते तपासायला लागले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. कुकरच्या शिट्टीपासून पंख्याच्या घरघरीपर्यंत सगळंच कमी वाटू लागलं. लेक म्हणाली, 'आई, टीव्ही कामून एवढा मोठा लावायलीस?' मी म्हणाले, रस्त्याचा गोंगाट आत येतोय ना. मग शुक्रवारी सिडकोत एक सायकलवाला आडवा आला, मी हॉर्न दाबला आणि तो मला बारीक वाटला. दबका, तोंडावर उशी धरल्यासारखा. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. हॉर्नच बारीक झालाय! रोग गाडीला आहे, मला नाही. मग ट्रकचं काय, हा प्रश्न मी बाजूला सारला. ट्रकवाल्यानं वाजवलाच नसेल, पोरीला भास झाला असेल. माणूस घाबरला की पहिलीतल्या लेकरालासुद्धा खोटं पाडतो. तरी शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती तेव्हा मी काचा उघड्या ठेवून, रिक्षाच्याही मागे मागे राहून गाडी चालवली, आणि शेवटचं लेकरू घरी उतरवल्यावर मला घाम फुटला होता.

हॉर्न मला कळतो तो तुमच्यामुळे. मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या तुमच्या दुकानाला दुकान म्हणायचं, बाकी ती पत्र्याची टपरी, एक बाकडं आणि बाहेर ओळीनं उभ्या गाड्या. कॉलेज सुटलं की मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि तुमचं जेवण होईपर्यंत बाकड्यावर बसायचे. एकदा मी विचारलं, एवढ्याशा ताटलीतून एवढा आवाज निघतो कसा? तुम्ही भाकरी तशीच ठेवून एक जुना हॉर्न उघडलात. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याच्यासमोर पातळ पोलादी पडदा आणि बाजूला तुरीच्या डाळीएवढे दोन पॉइंट एकमेकांना चिकटलेले. 'बग माय,' तुम्ही म्हणालात, 'करंट आला की ही कॉइल व्हती लोहचुंबक. मंग ती पडद्याला वढती. पडदा आत गेला की ह्या पॉइंटला धक्का बसतो, पॉइंट उघडतो, करंट तुटतो. करंट तुटला की चुंबक मेलं, पडदा परत जाग्यावर. जाग्यावर आला की पॉइंट परत चिकटला, परत करंट, परत वढलं. एका सेकंदात शेकडो डाव. पडदा जो थरथरतो ना, त्योच आवाज.' मी विचारलं, आणि पॉइंट उघडलाच नाही तर? 'तर नुसता तापंल आन् जळंल. बोलणार नाय.' मग तुम्ही माझा अंगठा पडद्यावर ठेवलात आणि तार बॅटरीला टेकवलीत. कोपरापर्यंत हात झिणझिणला, मी किंचाळले, आणि तुम्ही इतके हसलात की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला.

घरी आईचा मात्र तुमच्या हॉर्नवर भारी राग. दुकानात अर्धवट राहिलेलं काम तुम्ही पिशवीत घालून आणायचात, स्वयंपाकघरात ओट्याखाली बॅटरी ठेवायचात आणि हॉर्न परातीत ठेवून वाजवून बघायचात. त्याच्यासोबत परातही ओरडायची. आई तव्यावरची भाकरी सोडून कानात बोटं घालायची. 'आवो, गल्लीतली लेकरं उठतील! शेजाऱ्यापाजाऱ्याची तरी लाज धरा!' तुम्ही म्हणायचात, 'एकडाव. शेवटचा.' आणि हॉर्नच्या पाठीवरचा बारीक स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवत राहायचात. मनासारखा आवाज लागला की स्क्रू हलू नये म्हणून त्याच्यावर माझी नेलपॉलिश लावायचात. माझी बाटली तुमच्या अवजारांच्या पेटीत जाऊन बसायची. मी रुसले की दुसऱ्या दिवशी सिटी चौकातून नवी आणून द्यायचात, तीही लालच, कारण नेलपॉलिशला दुसरा रंग असतो हे तुमच्या गावीही नव्हतं. माझ्या नखांना आणि पैठण रोडवरच्या निम्म्या जीपच्या हॉर्नना तेव्हा एकच रंग होता.

तर रविवारी मी तुमच्याच क्रमानं गेले. तुम्ही कुणाला पहिल्यांदा हॉर्नला हात लावू द्यायचा नाहीत. 'आधी फ्यूज, मंग रिले, मंग वायर, मंग अर्थिंग. हॉर्न समद्यात शेवटी. लोक आधी त्याचा गळा दाबतेत आन् मंग इचारतेत का बोलत नाय.' फ्यूज बघायची खरं तर गरज नव्हती, तो गेला असता तर हॉर्न वाजलाच नसता. तरी काढून बघितला, धड होता. रिलेवर, म्हणजे हॉर्नला करंट सोडणाऱ्या डबीवर, बोट ठेवून स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. टक् झालेलं बोटाला लागलं, कानाला लागलं की नाही ते मी स्वतःला विचारलं नाही. बॅटरी मीटरवर बघितली, भरलेली. हॉर्नला वायर जोडतात त्या टोकांवर हिरवट बुरशी असेल अशी फार आशा होती, कारण पावसाळाभर रस्त्यावरचा चिखल तिथेच उडतो. टोकं स्वच्छ निघाली. अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा आवळला, वाजवून बघितलं. फरक नाही. तुमच्या दुकानात एखादी गोष्ट चांगली निघाली की तुम्ही 'हे बरं हाय' म्हणून पुढं सरकायचात. मी प्रत्येक बऱ्या निघालेल्या गोष्टीसरशी आणखी घाबरत होते.

मग बॅटरीतून थेट तार आणून हॉर्नला टेकवली. ही तुमची युक्ती. थेट तारेवर मोठा वाजला तर दोष वाटेत आहे, तसाच बारीक वाजला तर दोष हॉर्नच्या पोटात. तो तसाच बारीक वाजला. केवढा धीर आला मला! म्हणजे हॉर्नच. त्यातून ह्या गाडीला दोन हॉर्न आहेत, एक जाड आवाजाचा, एक बारीक आवाजाचा, दोघं मिळून बोलतात. जोडीतला एक मेला की गाडी घसा बसल्यासारखी वाजते, हे तुमचंच वाक्य. नक्की तेच झालं असणार. मी एकाची वायर काढली आणि दुसरा वाजवला. वाजला. ती जोडून याची काढली. हाही वाजला. दोघेही जिवंत. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. आता फक्त स्क्रू उरला होता.

स्क्रूवर कंपनीचा पांढरा रंग होता, तो खरवडला. थोडा फिरवला, तार टेकवली. बारीकच. आणखी थोडा. जरासा वाढला असावा, पण मनासारखा नाही. आणखी थोडा. मी इतकी गुंग झाले होते की भीतीसुद्धा विसरले, कारण स्क्रू फिरवला की आवाज वाढत होता, म्हणजे दोष हॉर्नमध्ये होता, म्हणजे मी बरी होते. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकून मी मागे पडलेच. लेक होती. तिच्यामागे वरच्या मजल्यावरच्या काकू, जिन्याच्या दारात खालचे रिटायर्ड मास्तर, सगळ्यांनी कान झाकलेले. काकू बोलत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की बऱ्याच वेळापासून बोलतायत. 'ओ ताई, किती हाका मारायच्या? रविवारचं सकाळी सकाळी काय लावलंय हे? कान फुटायची येळ आली!' मी म्हणाले, 'हॉर्न बारीक वाजत होता.' लेकीनं माझ्या हातातली तार काढून घेतली आणि माझ्याजवळ खाली बसली. 'आई, बारीक नव्हता वाजत,' ती म्हणाली. 'मी वरून ऐकायलेय ना. पहिल्यापासून लई मोठा वाजायलाय.'

माझ्या काळजात धस्स झालं, दादा, आणि ते नुसतं माझ्यासाठी नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, मान एका बाजूला कलती करून, 'मनासारखा नाही, आणखी थोडा' म्हणत मी जशी बसले होते, तसे तुम्ही बसलेले मला आठवलात. तुमच्या शेवटच्या काही वर्षांत तुमचे हॉर्न सगळ्या मोंढ्यात गाजत होते. काळीपिवळी जीपचे ड्रायव्हर तुमच्याकडे रांग लावायचे. एक जण यायचा, अजिंठ्याच्या घाटात गाडी चालवायचा, तो म्हणायचा, 'चाचा, हॉर्न ऐसा लगाओ के सामनेवाला मोड पे आने के पहलेच रुक जाना.' तुम्ही लावून द्यायचात. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या हातात जादू आहे, असा खणखणीत हॉर्न अख्ख्या शहरात कुणी लावत नाही. आम्हाला अभिमान वाटायचा. लासूर स्टेशनचा एक जण तेवढा परत आला होता. 'हॉर्न जरा कमी करा वो. बाजारात वाजवला की बैलं बुजतेत.' तुम्ही मला म्हणालात, 'ह्याचे बैलच भित्रे हायेत.' आपण दोघं हसलो होतो. मग काहींचे पॉइंट जळून यायला लागले, कारण स्क्रू फार आवळला होता, आणि तुम्ही म्हणालात की आजकाल मालच बोगस येतो. तुम्ही स्वतःला ऐकू येईल एवढा आवाज लावत होतात, आणि सगळ्या गावाला ती कारागिरी वाटत होती. मलासुद्धा.

घरी मात्र मला शंका आली होती. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक हॉर्नला लावून त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचात, तेव्हा मला वाटायचं, हाडातून आवाज पारखायची ही उस्तादी आहे. पण हाक मारली की तुम्ही बघायचात ते तोंडाकडे. संध्याकाळी आपण दोघं बरोबर चालत यायचो, मागून गाडी वाजायची, मी तुम्हाला दंडाला धरून बाजूला ओढायचे आणि विचारायचे, दादा, हॉर्न ऐकला नाहीत का? तुम्ही म्हणायचात, 'ऐकला की.' दर वेळी तेच. 'ऐकला की.' मला इतका संताप यायचा. डोळ्यांदेखत खोटं कशाला बोलायचं? म्हातारपणाची कसली एवढी ऐट? मी आईला म्हणायचे, ह्यांना डॉक्टरकडे नेऊ, आणि आई म्हणायची, 'त्यांना नको बोलू बाई, हॉर्नवाल्याला बहिरा म्हणलं तर गिऱ्हाईक येईल का?'

आणि मग जालना रोडवर तो टेम्पो. तुम्ही दुकान बंद करून एकटेच निघाला होतात. घाटीच्या सरकारी दवाखान्यात त्या ड्रायव्हरनं माझे पाय धरले. रडत होता बिचारा. 'ताई, लई हॉर्न मारला वो. मला वाटलं बाबा बाजूला व्हतील. हाललेच नाय.' मी त्याच्यावर सगळा वॉर्ड गोळा होईल एवढ्यानं ओरडले. 'ज्या माणसाची जिंदगी हॉर्नमध्ये गेली त्याला हॉर्न ऐकू आला नाही म्हणतोस?' त्यानं माझे पाय सोडले. त्याचं खरं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि बायपासवर तो ट्रक अंगावरून गेला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हाच माणूस. त्याच्या जागी ट्रकवाला असता, तुमच्या जागी मी, आणि माझ्या गाडीत लेकरं होती.

सोमवारी लेक मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासणीसाठी एका पोरीसारख्या दिसणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. एक बंद खोली, भिंतींना जाड गादी, समोर काच, काचेपलीकडे ती. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. ती म्हणाली, 'ताई, आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं.' इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. पहिले आवाज स्वच्छ आले, मी दाबत गेले. मग ते लांब जायला लागले. मी श्वास रोखून ऐकत होते. आला, दाबलं. आला, दाबलं. नंतर तिनं एक छोटा डबीसारखा तुकडा माझ्या कानामागच्या हाडावर बसवला आणि पुन्हा तेच. मी मनातल्या मनात त्या पहिलीतल्या पोरीनं माझ्या वेणीला दिलेला हिसका आठवत होते आणि दाबत होते. बाहेर आल्यावर मला वाटलं, बरं झालं, पास झाले.

तिनं मला शेजारी बसवलं. आवाज चढवून, पण मायेनं म्हणाली, 'ताई, मी मध्ये मध्ये आवाज बंद ठेवत होते. तेव्हाही तुम्ही बटण दाबत होतात.' मी म्हणाले, 'मला आला होता.' ती म्हणाली, 'मी दिलाच नव्हता.' मी म्हणाले, 'अहो मॅडम, मी खोटं कशाला बोलेन? मला आला होता.' लेकीनं माझा हात धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर मला माझाच तेव्हाचा चेहरा दिसला, तुमच्या दंडाला धरून चिडलेला. मला त्या क्षणी तुम्ही कळलात, दादा. तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला खरंच ऐकू आल्यासारखं वाटत असणार. बहिरेपण म्हणजे शांतता, असं मी आयुष्यभर समजत आले. शांतता असती तर माणूस सावध तरी झाला असता. हे तर आपलंच मन आपल्याला काहीबाही ऐकवत राहतं, आणि आपण निर्धास्त चालत राहतो. हे कळल्यापासून मला कशाचीच खात्री वाटत नाही. आत्ता लिहिताना खाली एक गाडी वाजली. वाजली का? मी उठून गॅलरीतून बघून आले. गाडी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान उतरलेत, डावा जास्त. यंत्र लावू, सवय होऊ द्या, मग पुन्हा तपासू. तोवर मुलांची गाडी नको. मी विचारलं, आणि यंत्र लावल्यावर? म्हणाले, तेव्हा बघू. आता सकाळी लेक कॉलेजला जायच्या आधी लेकरांना शाळेत सोडते, दुपारसाठी ह्यांनी शिफ्ट बदलून घेतलीय. पालकांना मी खरं ते सांगितलं, सगळ्यांना एकेक करून फोन केला, म्हणजे लेकीनं लावून दिला. पोरीची आई म्हणाली, 'मावशी, बरं केलं सांगितलं.' ती काही वाईट बोलली नाही, तरी फोन ठेवल्यावर मी रडले. सकाळी गाडी निघते तेव्हा मी गॅलरीत उभी असते. पोरगी आता लेकीच्या मागे बसते, पण लेकीचे केस आखूड, त्यामुळे तिला धरायला काही नाही. गाडी वळेपर्यंत मी बघत राहते आणि लेक परत येईपर्यंत तिथून हलत नाही. स्वतः चालवायचे तेव्हा भीती वाटायची, आता चालवत नाही तरी वाटतेच.

लेकीनं चावी मागितली तेव्हा मी मुकाट्यानं दिली. तिला वाटलं, आईनं किती समजून घेतलं. पण गाडीला चाव्या दोन असतात. दुसरी माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, तिनं विचारली नाही आणि मी सांगितली नाही. काल संध्याकाळी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी ती घेऊन खाली गेले, सीटवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी चालू केली नाही. पण मला वाटलं, मी अजून सगळ्यांपेक्षा चांगली चालवते, काचा उघड्या ठेवल्या की झालं, एवढं काय त्यात. आणि हे वाटल्यावर मी इतकी घाबरले की दार तसंच उघडं टाकून जिन्यानं वर पळत आले. मला माझीच भीती वाटते, दादा. ती चावी आज लेकीच्या हातात ठेवते, असं लिहून हे पत्र संपवायचं मी ठरवलं होतं. लिहवत नाही.